दिवसाचा परवाना रात्रीला चालत नाही



नाताळची सुट्टी तोंडावर आली आहे. देवबागपासून वायरीपर्यंत खोल्या भरत आल्यात, किल्ल्याच्या फेऱ्यांना रांगा लागतायत. या वर्षी फोनवर एक प्रश्न मात्र फार वेळा येतोय. "खोली नको, बोटीवर राहता येईल का? रात्री बेटाजवळ बोट उभी करायची, डेकवर झोपायचं, सकाळी उठून तिथूनच डॉल्फिन बघायचे. दोन-तीन रात्री. पैशाचं बघून घेऊ."

पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मुंबई, सगळीकडून हेच. कुणी केरळात हाऊसबोटीवर राहून आलेलं असतं, कुणी परदेशातले व्हिडिओ पाहिलेले असतात. मागणी आली की माल येतोच. आज ना उद्या कुणीतरी फेरीच्याच बोटीत चार गाद्या टाकणार, वर ताडपत्री बांधणार, दिव्यांची माळ सोडणार आणि 'बोट स्टे' म्हणून फोटो टाकणार. पाठोपाठ दुसरा टाकेल, मग दहावा. आपल्याकडे पॅरासेलिंग, बनाना राईड, स्कूबा हे सगळं असंच वाढलं. धंदा आधी आला, नियम मागून धावत आले.

म्हणून हा धंदा सुरू होण्याआधीच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बोटीतून दिवसा फेरी मारणं आणि बोटीवर रात्र काढणं हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्याच्या परवान्यावर दुसरा करू देऊ नये. रात्रीचे नियम वेगळे हवेत, आणि ते पहिली गादी पडायच्या आत ठरायला हवेत.

आधी एक खुलासा. आमच्याही घरी दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्यामुळे "याच्या खोल्या रिकाम्या राहतील म्हणून हा ओरडतोय" असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. माझा बोटीवरच्या मुक्कामाला विरोध नाही, उलट तो यावा असं मला वाटतं.

कारण सांगतो. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून किनाऱ्यालगतच्या जमिनीचं काय झालं ते तुम्ही रोज बघता. बापजाद्यांची माडाची बाग विकली गेली, तिथे भिंत उभी राहिली आणि ज्याची बाग होती तो त्याच भिंतीच्या आत रखवालदार झाला, अशी उदाहरणं प्रत्येक वाडीत आहेत. जमीन गेली, पण होडी अजून आपली आहे. खाडी कुठे खोल, कुठे उथळ, कुठल्या वाऱ्याला कुठे आडोसा मिळतो, हे ज्ञान अजून आपलं आहे. तारकर्लीच्या 'इसदा'मधून स्कूबाचं शिक्षण घेतलेली पोरं आपल्याकडे आहेत. बोटीवरच्या मुक्कामाला सिमेंट लागत नाही, माड तोडावे लागत नाहीत, विहीर खोदावी लागत नाही. नीट केला तर हा मासेमार घरांच्या हातात राहू शकणारा धंदा आहे. एमटीडीसीच्या हाऊसबोटीही एकेकाळी आपल्या कर्ली खाडीत होत्या, तेव्हा कल्पना अगदीच नवी नाही.

पण 'नीट केला तर' हे तीन शब्द सोडून चालणार नाही. रात्रीचा मुक्काम म्हटला की तीन प्रश्न येतात, जे दिवसाच्या फेरीला जवळजवळ येतच नाहीत. बोट रात्रभर उभी कुठे राहणार? रात्रभर जागं कोण राहणार? आणि बोटीवरची घाण जाणार कुठे?

बोट उभी कुठे राहणार?

पाहुण्यांना वाटतं, नांगर टाकला की बोट घरासारखी जागेवर राहते. आपल्याला ठाऊक आहे की तसं नसतं. आमच्या वाडीतले एक म्हातारे तांडेल म्हणतात, "दिवसाचो दर्या येगळो आणि रातचो येगळो. नांगर टाकल्यार बोट थांबली, असा कधी म्हणा नको."

भरती-ओहोटीला पाण्याची दिशा उलटते. बोट नांगराभोवती फिरते आणि जो नांगर एका बाजूने घट्ट बसला होता तो उलट्या ओढीला सुटू शकतो. म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट सोडायचा असतो. पण दोर लांब सोडला की बोट फिरायला जागाही तेवढीच मोठी लागते. एका ठिकाणी दाटीवाटीने दहा बोटी उभ्या केल्या तर रात्री दोन वाजता त्या एकमेकींवर येणार. आणि देवबागला ओहोटीत नांगर सुटला तर बोट मुखाकडे जाणार, जिथे वाळूच्या पट्ट्यांवर लाटा फुटतात.

2025-26 चं पंचांग काढून बघा. पौष पौर्णिमा 3 जानेवारीला आहे. म्हणजे थर्टीफर्स्टला, पार्टी ऐन रंगात असेल तेव्हा, भांग संपून उधाण चढायला लागलेलं असेल. पुढच्या दोन-तीन रात्री पाण्याची ओढ वाढतच जाणार. जास्तीत जास्त पाहुणे आणि जास्तीत जास्त ओढ एकाच आठवड्यात. हे समजायला हवामान खात्याची गरज नाही, दर्यावर्दी घरातल्या पोरालाही ते कळतं. पण दुसऱ्या जिल्ह्यातून येऊन दहा बोटी एकदम विकत घेणाऱ्या मालकाला ते कळेल का?

दुसरी गोष्ट जाळ्यांची. दिवसा खाडी पर्यटकांची दिसते, रात्री ती मासेमारांची असते. तांबोशी, शेवटं, कुर्ल्या यांच्यावर ज्यांची चूल पेटते ती माणसं अंधार पडल्यावर जाळी लावतात. त्यांच्या जागेत दिवे लावलेली, गाणी वाजवणारी, पंखा फिरवणारी बोट रात्रभर उभी राहिली तर जाळं कुठे लावायचं? किनाऱ्याच्या बाजूला रापणीचा प्रश्न तसाच आहे. रापण ओढायच्या पट्ट्यात पहाटे कुणाची बोट नांगरलेली असेल तर भांडण ठरलेलं.

केरळने हा प्रश्न एका साध्या नियमाने सोडवला आहे. वेंबनाड तलावात हाऊसबोटी दिवसभर फिरतात आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास काठाला बांधल्या जातात, त्या सकाळपर्यंत हलत नाहीत. कारण रात्री तलाव जाळ्यांचा असतो. पर्यटक कुरकुरतात, "एवढे पैसे देऊन रात्रभर एका जागी?" पण नियम म्हणजे नियम. तिथल्या मासेमारांनी आपली रात्र राखली. आपण ती विचार न करता देऊन टाकणार का?

तिसरी गोष्ट बेटांची. पाहुण्यांना बोट हवी असते ती किल्ल्याजवळ. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहे. 1987 साली जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य तिथेच आहे, साधारण 29 चौरस किलोमीटरचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाइतकं संरक्षण आहे. आणि एक लोखंडी नांगर रात्रभर बोटीबरोबर फिरत साखळी घासतो तेव्हा कित्येक वर्षांत वाढलेलं प्रवाळ एका रात्रीत मोडतं. ज्या प्रवाळामुळे आपल्या पोरांचा स्कूबाचा धंदा चालतो, तेच.

याला उत्तर आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर बोटीवर राहण्याचा मोठा हंगाम डिसेंबर ते एप्रिल असतो, कारण जून ते नोव्हेंबर तिथे चक्रीवादळांचे महिने. तिथलं बोनेर हे छोटं बेट बघा. 1979 साली त्यांनी सागरी उद्यान केलं आणि प्रवाळावर नांगर टाकायला बंदी घातली. त्याऐवजी तळाशी कायमचे पक्के बांधलेले तरंगते बोये ठेवले. बोट आली की त्याला बांधायची आणि त्याचे पैसे भरायचे. नांगर टाकायचा प्रश्नच नाही. प्रवाळ वाचतं, बोट सुटत नाही आणि किती बोटी येऊ शकतात हे बोयांच्या संख्येवरूनच ठरतं. पन्नास बोये तर पन्नास बोटी. एक्कावन्नावी आली तर तिने परत जायचं. आपल्याला याहून सोपा नियम सापडणार नाही.

रात्री जागं कोण राहणार?

2 सप्टेंबर 2019 ची पहाट. अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळ सांताक्रूझ बेटाशी 'कन्सेप्शन' नावाची स्कूबाची बोट नांगरून उभी होती. लेबर डेची जोडून सुट्टी, पाहुणे बोटीवरच राहत होते आणि खालच्या दालनात झोपले होते. बोटीला आग लागली. बाहेर पडायचे दोन मार्ग होते, पण दोन्ही वर एकाच खोलीत निघत होते आणि ती खोलीच पेटली होती. 34 माणसं गेली. वाचले ते वर झोपलेले पाच कर्मचारी. चौकशीत उघड झालं की रात्री बोटीवर फिरता पहारा ठेवणं बंधनकारक असताना त्या रात्री पहाऱ्यावर कुणीच नव्हतं. कॅप्टनला 2024 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर श्रीनगरच्या दल सरोवरात 11 नोव्हेंबर 2023 च्या पहाटे हाऊसबोटींना आग लागली आणि तीन बांगलादेशी पर्यटक दगावले. एक बोट पेटली आणि शेजारच्याही पेटत गेल्या, कारण त्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

आता आपल्याकडे डोळे मिटून चित्र उभं करा. लाकडाची किंवा फायबरची बोट. त्यावर गॅस सिलिंडर, डिझेल, इन्व्हर्टरची बॅटरी, दहा जणांचे मोबाईल चार्जिंगला, डासांच्या अगरबत्त्या आणि थर्टीफर्स्टची रात्र. बोटीवरची दोन-तीन माणसं कोण? तीच, जी सकाळी सातपासून डॉल्फिनच्या फेऱ्या, दुपारी त्सुनामी आयलंडच्या फेऱ्या आणि संध्याकाळी जेवणाची ताटं वाहत होती. त्यांच्याकडून रात्रभर जागरणाची अपेक्षा करणार? ती झोपणारच. माणसं आहेत ती.

इथे खलाशाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. बोटीवर राहणं ही पाहुण्यांसाठी दोन रात्रींची मजा आहे. आपल्या मोठ्या मासेमारी नौकांवरचे खलाशी दिवसेंदिवस बोटीवरच राहतात. त्यात कर्नाटकातले आहेत, नेपाळहून आलेले आहेत. कित्येक बोटींवर धड संडास नसतो आणि झोपायला जाळ्यांच्या ढिगाशेजारची जागा. त्यांचं हे बोटीवरचं राहणं कुणी फोटो काढून टाकत नाही. नव्या धंद्यातही पाहुण्यांना एसी केबिन आणि खलाशाला उघडं फळकूट अशीच वाटणी होणार असेल, तर तो धंदा आपल्या पोरांना कुठली प्रगती देणार? रात्रीची बोट म्हणजे रात्रपाळीचा वेगळा माणूस, त्याला वेगळा पगार आणि दिवसा झोप. हे परवडत नसेल तर त्या भाड्यात तो मुक्कामच परवडत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

घाण जाणार कुठे?

हा प्रश्न विचारला की लोक हसतात. हसू नका, खरा प्रश्न हाच आहे.

हिशेब करू. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लीटर पाणी धरतात. बोटीवर त्याच्या निम्म्याहूनही कमी, 60 लीटर धरू. संडास, आंघोळ, भांडी सगळं मिळून. पाहुणे आणि माणसं धरून बोटीवर दहा जण. रोज 600 लीटर. अशा वीस बोटी झाल्या तर रोज 12 हजार लीटर. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी, आठ दिवसांचे 96 हजार लीटर. दहा हजार लीटरचे जवळजवळ दहा टँकर, तेही एका आठवड्यात. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे धरा. निम्मे केले तरी पाच टँकर उरतातच.

हे दहा टँकर जाणार कुठे? मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की प्रक्रिया न केलेलं मैलापाणी किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत सोडायचं नाही. बारा सागरी मैल म्हणजे 22 किलोमीटर. आपली खाडी केवढी? ओहोटीला घाण बाहेर गेली असं वाटतं, पण सहा तासांनी भरती तीच आत ढकलते. देवबागची घाण वर जाते आणि वरची देवबागला येते.

तिसरे आणि कालवं पाणी गाळून आपलं अन्न मिळवतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात आणि तिथून आपल्या ताटात. ओहोटीला वाकून वाकून तिसरे काढणाऱ्या बायका कोण आहेत, ते सांगायला नको. ज्या पर्यटकाच्या संडासामुळे ते खराब होणार, तोच संध्याकाळी विचारणार, "तिसऱ्यांची एकशिपी मिळेल ना?"

केरळमध्ये भात वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम बोटींच्या हाऊसबोटी व्हायला लागल्या त्या 1990 च्या दशकात. शेकडो बोटी झाल्या. त्यांचं मैलापाणी उतरवून घ्यायचं केंद्र आलप्पुळ्याजवळ कुप्पप्पुरमला उभं राहिलं ते बोटी वाढून बसल्यावर. तोवर वेंबनाडचं नुकसान होऊन गेलं होतं, आणि ते तर 2002 पासून रामसर यादीत असलेलं, जगाने मान्य केलेलं पाणथळ क्षेत्र. आपण उलटा क्रम लावू शकतो. आधी जेटीवर टाकी उपसायची सोय, मग बोट.

कायदाही आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 आला आणि त्यात प्रदूषण रोखण्यासाठी वेगळं प्रकरण आहे. कागद आहे, पण त्याची जेटी अजून नाही.

"पण अपघात काय दिवसाही होतात"

होतात, म्हणून तर लिहितोय. 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली, वीस पर्यटक होते, दोघे गेले. 7 मे 2023 ला केरळात तानूरला फेरीची बोट बुडाली, 22 माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. ती मुळात मासेमारीची बोट होती, पर्यटनासाठी बदललेली आणि क्षमतेपेक्षा जास्त भरलेली. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा जणांचा जीव गेला.

तारकर्ली आणि नीलकमलच्या वेळी उजेड होता, आजूबाजूला बोटी होत्या, म्हणून बाकीचे वाचले. तानूरची बोट बुडाली तेव्हा अंधार पडला होता. तिथे काय झालं ते वर लिहिलंच आहे. हेच रात्री दोनला निवतीच्या खडकांजवळ झालं तर कोण येणार? कुणाचा फोन लागणार?

आणि प्रत्येक अपघातानंतर काय होतं तेही आपण पाहिलंय. एकाने हलगर्जी केली की सगळ्यांचाच धंदा बंद होतो. ज्याने लाइफजॅकेट नवी घेतली, विमा भरला, तो प्रामाणिक माणूसही घरी बसतो आणि हप्ता मात्र भरत राहतो. नियम नसल्याचा पहिला फटका नियम पाळणाऱ्यालाच बसतो.

"नियम आले की चिरीमिरी येते"

हा आक्षेप खरा आहे. बोटीसाठी बंदर खातं, प्रवाळासाठी वन खातं, घाणीसाठी प्रदूषण मंडळ, सुरक्षेसाठी पोलीस, वर ग्रामपंचायत. त्यात कर्ली खाडीची गंमत अशी की हा काठ मालवण तालुक्यात आणि समोरचं भोगवे, कोरजाई वेंगुर्ले तालुक्यात. पाच दारं, दोन तालुके. गरीब माणूस फिरून फिरून दमेल आणि पैसेवाला माणूस ठेवून कागद करून घेईल. मग बोटी बाहेरच्यांच्या आणि आपली पोरं पुन्हा खलाशी.

म्हणूनच नियम थोडे, सोपे आणि सगळ्यांसमोर लिहिलेले हवेत. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवन सफर चालवतायत. छोट्या होड्या, वल्ह्याने, माहिती सांगत. त्यांनी कुणाचं जाळं फाडलं नाही, पाणी खराब केलं नाही, आणि लोक आवर्जून तिथे जातात. लहान राहून, आपल्या हातात ठेवून पर्यटन करता येतं, हे आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांनी दाखवलं आहे.

तर माझी मागणी इतकीच. ग्रामसभेत मांडा, आमदार-खासदारांना द्या, बंदर खात्याला निवेदन द्या.

1. रात्रीच्या मुक्कामाचा परवाना फेरीच्या परवान्यापेक्षा वेगळा. तो मिळेपर्यंत कुणीही पाहुण्यांना बोटीवर झोपवू नये.

2. रात्री उभं राहायच्या जागा नकाशावर ठरवलेल्या आणि त्या रापणकर आणि खाडीत जाळी लावणाऱ्यांना विचारून ठरवलेल्या. बोये बांधायचे. बोये जेवढे तेवढ्याच बोटी.

3. अभयारण्यात आणि किल्ल्याभोवती रात्री नांगर नाही.

4. सूर्यास्तानंतर बोट हलणार नाही, लाऊडस्पीकर नाही.

5. मैल्याची बंद टाकी असल्याशिवाय परवाना नाही, आणि ती उपसायची सोय जेटीवर झाल्याशिवाय पहिला परवानाच नाही.

6. रात्रपाळीचा वेगळा माणूस, आग विझवायचं साहित्य, झोपायच्या जागेतून बाहेर पडायचे दोन खरे रस्ते.

7. एका कुटुंबाला किंवा एका मासेमार गटाला एक बोट. दहा बोटींचा मालक नको.

सातवी मागणी कायद्यात बसवायला वेळ लागेल. पहिल्या सहांना लागू नये.

आणि सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर तुमचं स्वागतच आहे. पण कुणी "बोटीवर राहा" म्हणाला तर पैसे द्यायच्या आधी त्याला तीन प्रश्न विचारा. रात्री बोट कुठे बांधणार? जागं कोण राहणार? संडासाची टाकी कुठे रिकामी करणार? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर खुशाल राहा. एकाचं जरी "ता काय तां बघूया मगे" असं आलं तर किनाऱ्यावर या. सोलकढी मिळेल, आणि पहाटे पाच-सहाला उठलात तर मतलई वाऱ्यात शांत झालेला समुद्र किनाऱ्यावरूनही तेवढाच दिसतो.

नाताळ आठ दिवसांत येऊन जाईल. या हंगामात बोये बसणार नाहीत, टाक्या होणार नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून या हंगामापुरतं एकच करू: कुणाही पाहुण्याला रात्री बोटीवर झोपवायचं नाही. ठराव पुढच्या ग्रामसभेत आणू. मे महिन्याच्या गर्दीच्या आत खाडीचा नकाशा हातात असला पाहिजे, आणि त्यावर जाळ्यांच्या जागा आधी, बोटींच्या नंतर.

ज्यांना निवेदनावर सही करायची आहे त्यांनी खाली आपलं नाव आणि वाडी लिहा. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही लिहा, पण वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन.